तुमची लेकरं कुठल्या शाळेत जातात?

दर वर्षी पंचवीस टक्क्यांच्या प्रवेशाचे अर्ज सुरू झाले की आम्ही वस्तीतल्या बुद्ध विहारात टेबल मांडतो. एक जुना लॅपटॉप, मोबाईलचा हॉटस्पॉट आणि ओळखीचा एक झेरॉक्सवाला, एवढंच आमचं भांडवल. सकाळी कामाला जाण्याआधी बाया येतात, संध्याकाळी पाळी सुटली की बाप्ये येतात. कुणाकडे जन्माचा दाखला असतो पण जातीचा नसतो. कुणाकडे जातीचा असतो पण भाडेकरार नोंदणीकृत नसतो. घरमालक करार करून द्यायला तयार नसतो, कारण एका खोलीमागे दुसरी खोली त्यानेच बिगरपरवाना बांधलेली असते. मग आम्ही धावपळ करतो. काही अर्ज बसतात, काही राहतात.

मागच्या खेपेला लातूरकडची एक ताई आली होती. चार घरची धुणीभांडी करते, नवरा कंपनीत ठेकेदाराकडे. आम्ही तिला शाळांची नावं वाचून दाखवत होतो, अंतर सांगत होतो. ती ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "दादा, एक इचारू का? तुमची लेकरं कुठल्या शाळेत हायत?"

टेबलामागे आम्ही पाच जण बसलो होतो. पाच जणांची मिळून प्राथमिक वयातली पाच मुलं. चार खाजगी इंग्रजी शाळेत, एक अनुदानित मराठी शाळेत सेमी इंग्रजीला. विहारापासून चालत चार मिनिटांवर महापालिकेची शाळा आहे. आम्हा पाचांपैकी तिघे त्याच शाळेत शिकून मोठे झालो. आज आमचं एकही मूल तिथे नाही. त्याच शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आम्हीच वर्गणी काढून रंगवून घेतलं आहे!

ताईने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही जी शाळा निवडली ती चांगली असणार, एवढाच तिचा हिशेब. पण तो प्रश्न आम्हाला रात्रभर चावत राहिला. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि पहिल्यांदा तो आमचीच झडती आहे.

मूल शाळेत घालणं ही आपल्या इतिहासातली साधी गोष्ट नाही

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. का? तर १९०० साली याच तारखेला सुभेदार रामजी आंबेडकरांनी आपल्या मुलाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात घातलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. म्हणजे आपण दर वर्षी जो दिवस साजरा करतो, तो एका बापाने आपल्या पोरासाठी शाळा निवडल्याचा दिवस आहे. त्या शाळेत भिवाला बसायला गोणपाट घरून न्यावं लागत होतं. पाणी शिपायाने वरून ओतलं तरच मिळत होतं. शिपाई नसला तर पाणी नाही. तरीही रामजींनी पोराला शाळेतून काढलं नाही. पुढे मुंबईत मुलाला पुस्तकं हवीत म्हणून लग्न झालेल्या मुलींचे दागिने मागून आणले आणि गहाण टाकले. घरी तर्खडकरांची पुस्तकं समोर ठेवून त्याच्याकडून भाषांतरं करून घेतली.

म्हणून आज एखादी आई कानातलं मोडून पोराची फी भरते, तेव्हा तिला "देखावा करते", "इंग्रजीचं खूळ लागलंय" असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. तो वेडेपणा नाही, तो रामजींचा वारसा आहे. ज्यांच्या दहा पिढ्या शिकल्या त्यांना शाळा चुकली तरी चालते. घर, गोतावळा, ओळखी त्यांना सांभाळून घेतात. आपल्याकडे शाळा चुकली की पुन्हा नाका, पुन्हा झाडू, पुन्हा ठेकेदार. आपल्या माणसाला शाळेची भीती वाटते ती यामुळे. त्या भीतीचाच आज बाजार मांडला गेला आहे.

एक गोष्ट मात्र विसरता येणार नाही. रामजींनी पोराला घातलं ती शाळा सरकारी होती. जोतिराव आणि सावित्रीमाईंनी १८४८ साली भिडेवाड्यात शाळा काढली ती धंद्यासाठी नव्हती. १८८२ साली हंटर आयोगासमोर जोतिरावांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी तक्रार केली की सरकार रयतेकडून कर घेतं आणि पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळतं, म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणला. १९२७ साली मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी सरकारला आकडे ऐकवले: शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करता आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करता! या सगळ्यांची मागणी एकच होती. पोराचं शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे, बापाच्या खिशाची नाही.

ती मागणी आपण कधी सोडली? कुणी सोडायला सांगितली?

सरकारी शाळा कुणी सोडली?

आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या महापालिकेच्या शाळेत कारकुनाची, शिक्षकाची, दुकानदाराची मुलंही होती. वर्गात पंखा बंद पडला तर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी बाप हेडमास्तरांच्या खोलीत उभा असायचा. पहिल्यांदा वरच्या जातींचा मध्यमवर्ग गेला. नंतर आरक्षणामुळे नोकरी लागलेली आपली पहिली पिढी गेली. मग पतसंस्थेचं कर्ज काढून रिक्षावाला गेला, सुरक्षारक्षक गेला. शेवटी ज्यांना जाताच येत नाही तेवढेच उरले. आता पंखा बंद पडला तर सहा महिने बंद राहतो. विचारायला जाणाऱ्या आईचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो.

सरकारने काही केलं नाही असं नाही, सरकारने बरंच केलं! शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडवली. जे शिक्षक उरले त्यांना निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं, खिचडीचा हिशेब अशा कामांना जुंपलं. पट घसरला की कमी पटाची शाळा परवडत नाही म्हणून २०२३ साली समूह शाळांची टूम काढली. त्याच वर्षी शाळा 'दत्तक' देण्याची योजना आणली, म्हणजे कंपनीने देणगी द्यावी आणि शाळेवर नाव लावावं. आधी शाळा आजारी पाडायची, मग पेशंट येत नाही म्हणून दवाखाना बंद करायचा, असा हा न्याय आहे.

आणि मनात आणलं तर काय होतं तेही दिसतं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी ही जिल्हा परिषदेचीच शाळा, पण गाव आणि शिक्षक एकत्र आले तेव्हा तिथे प्रवेशासाठी रांगा लागल्या. मुंबई महापालिकेने २०२० पासून आपल्या शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' नाव दिलं, काही ठिकाणी केंद्रीय मंडळांचा अभ्यासक्रम आणला, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त येऊ लागले. म्हणजे आपल्या माणसाचं वैर सरकारी शाळेशी नाही. त्याचं वैर आहे ते सरकारने टाकून दिलेल्या शाळेशी.

नर्सरीच्या नावाखाली काय विकलं जातं?

आता बाजाराकडे बघू. तीन वर्षांचं पोर. त्याला काय हवं? बोलणं, ऐकणं, खेळणं, मातीत हात घालणं, चार पोरांशी भांडणं आणि पुन्हा गट्टी करणं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला आदिवासी पोरांसाठी बालवाड्या चालवल्या त्या दगड, बिया, पानं, शिंपले घेऊन. अंगणवाडी हा शब्दच तिथून आला: शाळेत पोर येत नसेल तर शाळेने पोराच्या अंगणात जायचं. १९७५ साली २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. ती आज आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. पण अंगणवाडीच्या ताईला सरकार कर्मचारी मानत नाही, 'मानधन' देतं. आणि तिच्याकडून लसीकरणापासून पोषणाच्या नोंदीपर्यंत सगळं करून घेतं. मग शिकवायला वेळ कुठला?

ही पोकळी नर्सरीवाल्याने भरली. यात घटनेचीही एक गोम आहे. मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं म्हटलं होतं. त्यात सहा वर्षांखालची मुलंही आली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, कलम २१-अ आलं, आणि शिक्षण मूलभूत हक्क झालं. आपण पेढे वाटले. पण तो हक्क ६ ते १४ वयापुरता ठेवला. सहाच्या आतलं मूल मार्गदर्शक तत्त्वांत ढकललं, म्हणजे कोर्टात जाऊन मागता येणार नाही अशा खान्यात. मग त्या तीन वर्षांत ज्याला जसं जमेल तसं त्याने दुकान थाटलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये नर्सरी, पार्किंगमध्ये नर्सरी, भिंतीवर मिकी माऊस आणि दारावर 'इंटरनॅशनल'.

आमच्यातल्या एका जोडप्याचा अनुभव सांगतो. मुलीला घेऊन एका शाळेत गेले. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशी एकच शाळा नाही. मुलीला बाहेर खेळायला पाठवलं आणि आईबापाची मुलाखत सुरू झाली. शिक्षण किती? नोकरी कायम की कंत्राटी? घरी इंग्रजी बोलता का? आणि मग सहज विचारल्यासारखं, "हे आडनाव कुठलं हो? गाव कुठलं?" आपल्या लोकांना हा प्रश्न कळतो. गाव विचारणाऱ्याला गाव नको असतं, गावातली जागा हवी असते. आठ दिवसांनी निरोप आला, जागा भरल्या.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा सापडलं तर २५ हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर तिच्या दहापट दंड. कायदा असा आहे. पण या मुलाखतीला ते 'इंटरॅक्शन' म्हणतात, देणगीला 'डेव्हलपमेंट' म्हणतात, आणि नर्सरीचा प्रश्न आला की हा कायदा सहा वर्षांपुढचा म्हणून हात वर करतात. आपणही भांडत नाही, कारण पोर त्यांच्या हातात द्यायचं असतं.

इंग्रजीचं काय करायचं?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. मराठी वाचवा म्हणून जे आपल्याला उपदेश करतात त्यांची नातवंडं कुठे शिकतात ते बघा. स्वतःची मुलं इंग्रजी शाळेतून परदेशी पाठवायची आणि मराठीची पालखी आपल्या पोरांच्या खांद्यावर द्यायची, हा जुना डाव आहे. इंग्रजी आपल्याला हवी. बाबासाहेब इंग्रजीत लिहीत होते म्हणून जगाला जातीचं सत्य कळलं. यात तडजोड नाही.

पण इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजी शाळेत जाणं वेगळं. आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरं येतात. स्वस्तातल्या इंग्रजी शाळेतली तिसरी-चौथीची पोरं धडा घडाघडा वाचतात. अर्थ विचारला की गप्प. मराठीत वाच म्हटलं तर अक्षर लागत नाही. बाईंनाच इंग्रजी बोलता येत नाही, त्या फळ्यावर उत्तरं लिहितात आणि पोरं उतरवतात. आई वही बघून खूश होते, कारण तिला ती वाचता येत नाही. यासारखी फसवणूक नाही. मनुस्मृतीने आपल्याला अक्षर नाकारलं. इथे पैसे घेऊन अक्षर देतात आणि अर्थ काढून घेतात.

भिवाची सुरुवात मराठीतच झाली आणि इंग्रजी पुढे आली, तीही बापाने घरी घासून घेतली. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. कितीतरी शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. आमचं म्हणणं एवढंच: पहिली चार वर्षं पोराला कळेल त्या भाषेत पाया घाला आणि इंग्रजी रोज शिकवा, चांगल्या शिक्षकाकडून. ते मिळत नसेल आणि इंग्रजी माध्यमच घ्यायचं असेल, तर त्या शाळेतले शिक्षक खरंच इंग्रजी बोलतात का ते आधी बघा. इमारत बघू नका.

शाळा निवडताना काय बघायचं?

आमच्या चुकांतून आम्ही काही गोष्टी शिकलो. त्या अर्ज भरायला येणाऱ्या प्रत्येकाला आता सांगतो.

पहिली, मान्यता. मान्यता असलेल्या शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो मागा. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि त्यानंतर रोज दहा हजारांपर्यंत दंड, असं कलम १८ सांगतं. तरी अशा शाळा चालतात. एक दिवस शाळेला कुलूप लागतं आणि आपलं पोर रस्त्यावर येतं.

दुसरी, शिक्षक. एका वर्गात पोरं किती? प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. बाईंचं शिक्षण काय आणि त्या किती वर्षं टिकल्या? दर सहा महिन्यांनी बाई बदलत असतील तर पगार नीट दिला जात नाही हे समजा. बाईंना अर्धपोटी ठेवणारी शाळा तुमच्या पोराला पोटभर देणार नाही.

तिसरी, संडास आणि पाणी. लाज न बाळगता आत जाऊन बघा. ऑफिसचं नाही, पोरांचं.

चौथी, फी. राज्यात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. शिक्षक-पालक संघ स्थापन करणं शाळेला बंधनकारक आहे. त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि फी तिच्यासमोर मांडायची. ठरलेली फी दोन वर्षं लागू राहते. आपले पालक या संघात नावच देत नाहीत. नाव द्या. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते. आणि पुस्तकं, गणवेश, सहल, स्नेहसंमेलन धरून वर्षाचा एकूण खर्च आधीच लिहून घ्या. आमच्यातल्या एकाने फी बघून प्रवेश घेतला आणि वरच्या खर्चासाठी बचत गटातून कर्ज उचललं.

पाचवी, आणि ही आपल्या माणसासाठी फार महत्त्वाची: रजिस्टर. पोराचं नाव पहिल्यांदा घालताना जनरल रजिस्टरमध्ये जात आणि धर्म काय लिहिला ते डोळ्यांनी बघा. कितीतरी खाजगी शाळा जातीचा रकाना कोरा सोडतात, किंवा न विचारता 'हिंदू' लिहून मोकळ्या होतात. पुढे हीच नोंद शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते आणि जात पडताळणीत आडवी येते. 'बौद्ध लिहिलं तर सवलत जाईल' ही भीती काढून टाका. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही सवलत आहे. साताऱ्याच्या रजिस्टरमधली एक ओळ आज आपण जपून ठेवतो. आपल्या पोराची ओळ तरी बरोबर लिहून घ्या.

सहावी, प्रार्थना आणि सण. आमच्यातल्या एकाचा पोरगा घरी येऊन विचारू लागला, "आपल्या घरात देव का नाही?" शाळेत रोज पूजा, सरस्वतीपुढे हात जोडणं, दर सणाला वेश करून येणं. आणि १४ एप्रिलला फक्त सुट्टी. ११ एप्रिल, ३ जानेवारी तर माहीतच नाही. घटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. खाजगी शाळा मान्यताप्राप्त असेल तर तीही यात येते. तेव्हा एक साधं पत्र द्या. भांडण करायची गरज नाही. आम्ही दिलं, शाळेने ऐकलं. ३ जानेवारीला सावित्रीमाईंचा कार्यक्रमही सुरू झाला. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको.

पंचवीस टक्के म्हणजे खैरात नव्हे

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. संस्थाचालक कोर्टात गेले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवलं. तरी त्यांचा डोळा त्यावर होताच. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे शहरातल्या बहुतेक शाळा सुटल्या. ज्या सरकारी शाळा त्यांनीच मोडीत काढल्या त्याच ढाल म्हणून पुढे केल्या! पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती दुरुस्ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयातही सरकारच्या बाजूला यश आलं नाही. त्या वर्षी आमच्या टेबलावर दोनदा अर्ज भरावे लागले. पण लढलं तर परत मिळतं हे वस्तीने डोळ्यांनी बघितलं.

प्रवेश मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. शाळा म्हणते सरकार पैसे वेळेवर देत नाही. ते खरंही आहे. राज्याने माणशी १७ हजार ६७० रुपये ठरवले आणि तेही थकवले. पण सरकारच्या थकबाकीचा राग सहा वर्षांच्या पोरावर का? 'आरटीईवाले' म्हणून वेगळं बसवणं, सहलीला न नेणं, पुस्तकांचे पैसे मागणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची वेगळी यादी टाकणं, हे सगळं आमच्या कानावर आलं आहे. साताऱ्याचं गोणपाट गेलं, 'आरटीईवाले' हा शिक्का आला. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, एकट्याने जाऊ नका, चार पालक मिळून जा. आणि आठवी संपली की नववीची फी एकदम अंगावर येते. त्याचा विचार सातवीतच करा.

मग आम्ही काय ठरवलं?

कुणी म्हणेल, कार्यकर्त्यांनी आपली मुलं आधी महापालिकेच्या शाळेत घालावीत, मग बोलावं. या म्हणण्यात दम आहे. आम्ही त्यावर बरेच दिवस भांडलो. एक मैत्रीण म्हणाली, "चळवळ माझी आहे, पोरीचं आयुष्य तिचं आहे. तिला मी प्रयोगासाठी देणार नाही." तिचंही खोटं नाही. मोडलेल्या शाळेत एकट्या आईने आपलं मूल टाकलं तर शाळा सुधारत नाही, मूल मागे पडतं. पण सगळ्यांनी हाच विचार केला म्हणून तर शाळा मोडली, हेही तितकंच खरं. एकट्याने जाणं हा मूर्खपणा आणि सगळ्यांनी पळणं हा घात. मधला रस्ता एकच उरतो, मिळून जाणं.

आम्ही ठरवलं ते असं. जी मुलं खाजगी शाळेत आहेत त्यांना काढायचं नाही, पण तिथल्या पालक संघात बसायचं आणि पंचवीस टक्क्यांतल्या पोरांच्या आयांना सोबत बसवायचं. दुसरं, महापालिकेच्या शाळेची शाळा व्यवस्थापन समिती. कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आजवर ती कागदावर होती, सह्या घरी जाऊन घेतल्या जात होत्या. आता वस्तीतल्या सहा आया त्या समितीत आहेत. बैठक संध्याकाळी सातला ठेवायला लावली, म्हणजे रोज बुडत नाही. तिसरं, अभ्यासिकेत पहिली ते चौथीसाठी रोज एक तास मराठी वाचन आणि इंग्रजी बोलणं. चौथं, ज्यांची मुलं येत्या जूनमध्ये शाळेत जाणार आहेत अशा घरांची यादी आम्ही करतो आहोत. वीस घरं एकत्र तयार झाली तर वीस मुलं एकाच दिवशी त्या शाळेत घालायची. यादीत आमच्यातल्या दोघांची नावं आहेत. आजपर्यंत अकरा घरं झाली.

लातूरच्या ताईच्या मुलाचा नंबर त्या सोडतीत लागला नाही. तो महापालिकेच्या शाळेत पहिलीला आहे. ताई व्यवस्थापन समितीत आहे. पहिल्या बैठकीत तिने विचारलं, "पंखा कवा लागणार?" मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज दिलाय. ती म्हणाली, "अर्ज दावा." पंखा पंधरा दिवसांत लागला.

यादीत अजून नऊ घरं हवी आहेत. विहारात रविवारी सकाळी दहाला आम्ही असतो.

जय भीम!